घरबसल्या लर्निंग लायसन्स : ‘सारथी’ सेवेचे परीक्षण

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या ‘सारथी’ या संकेतस्थळावरून महाराष्ट्रात जून 2021 पासून शिकाऊ अनुज्ञप्ती, म्हणजेच लर्निंग लायसन्स, आरटीओची पायरी न चढता काढता येते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या भाचीने हा अर्ज भरला तेव्हा मी शेजारी बसून होतो. अर्जाची सोय म्हणून ही सेवा मला मनापासून आवडली. परीक्षा म्हणून मात्र ती घरातल्या मंडळींच्या प्रामाणिकपणावर गरजेपेक्षा जास्त विसंबते, आणि म्हणूनच मदतीला बसणाऱ्या मोठ्या माणसाने आपली मदत कुठे थांबवायची हे आधी ठरवून घ्यावे.

संकेतस्थळ उघडण्यापूर्वी वयाचा हिशेब स्पष्ट असावा. मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार सोळा पूर्ण झालेल्या मुलाला पालकांच्या लेखी संमतीने लर्निंग लायसन्स मिळते खरे, पण ते 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीपुरतेच. दारात उभी असलेली नेहमीची 110 सीसीची स्कूटर त्यात बसत नाही, आणि अनेक घरांत नेमका इथेच सोयीस्कर गैरसमज करून घेतला जातो. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने लायसन्सशिवाय गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. त्यामुळे ‘क्लासपर्यंतच तर जायचे आहे’ ही सबब कोणी ऐकून घेऊ नये.

संपूर्ण प्रक्रिया घरून करायची असेल तर आधार पडताळणीचा मार्ग निवडावा लागतो, आणि सगळी मदार तिथेच आहे. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. मुलांच्या आधारला बहुधा आई किंवा वडिलांचा क्रमांक असतो, तेव्हा तो फोन हाताशी असलेला बरा. नाव, पत्ता, जन्मतारीख आणि छायाचित्र आधारमधूनच उचलले जाते. पंधराव्या वर्षी करायचे बायोमेट्रिक अद्ययावतीकरण राहून गेले असेल, तर लायसन्सवर प्राथमिक शाळेतला चेहरा येण्याची शक्यता असते, शिवाय परीक्षेच्या वेळी कॅमेऱ्यासमोर ओळख पटवण्यातही अडथळा येऊ शकतो. आधार दुरुस्त करून मगच अर्जाला हात घालावा, कारण उलट क्रमाने गेल्यास काम दुप्पट होते. आधारचा मार्ग नको असणाऱ्यांसाठी कार्यालयात जाऊन परीक्षा देण्याचा पर्याय खुला आहे.

अर्जातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग म्हणजे नमुना 1, अर्थात शारीरिक क्षमतेचे स्वयंघोषणापत्र. अपस्मार किंवा अचानक भोवळ येण्याचा त्रास आहे का, लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न त्यात विचारलेले असतात आणि बहुतेक जण ते न वाचताच खुणा करून पुढे सरकतात. त्यातला एक प्रश्न असा आहे की, स्वच्छ उजेडात 25 मीटरवरच्या मोटारीचा नंबर वाचता येतो का. भाचीने बेधडक ‘होय’वर बोट नेले, तेव्हा तिला गॅलरीत नेऊन रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर वाचायला सांगितले. तिला तो चष्म्याशिवाय धड लागेना. चष्मा चढवल्यावर मात्र तिने तो एका दमात वाचून दाखवला. ‘‘मामा, म्हणजे गाडी चालवताना चष्मा काढायचाच नाही का?’’ असे तिने विचारले, आणि मला वाटते, त्या दिवशीचे खरे शिक्षण तेवढेच झाले. अपघाती मृत्यू आल्यास अवयवदान करण्याची इच्छा आहे का, हेही अर्जात विचारले जाते. अठराव्या वर्षी या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये आणि ते दुसऱ्या कोणी तर मुळीच ठरवू नये.

शुल्काचा बाऊ करण्याचे कारण नाही. केंद्रीय नियमांनुसार लर्निंग लायसन्ससाठी प्रत्येक वाहनप्रकाराला 150 रुपये आणि चाचणीसाठी 50 रुपये असा मूळ दर आहे. याच्या कित्येक पट रक्कम सांगणारे एजंट मात्र अजूनही आहेत. त्यांच्यापैकी एकाने मला ‘मुलीला परीक्षेला बसवायचीही गरज नाही’ असे निर्धास्तपणे सांगितले होते. त्याच्या या बोलण्यातूनच घरबसल्या परीक्षेचे दुखणे उघडे पडते.

परीक्षेआधी रस्ता सुरक्षेची चित्रफीत पाहावी लागते, मोबाइलवर पासवर्ड येतो आणि कॅमेरा सुरू ठेवून वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवायचे असतात. मराठीची सोय आहे. उत्तीर्ण होण्यासाठी किमान 60 टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. प्रश्न अवघड नसतात, पण चिन्हांचा अभ्यास न करता बसल्यास तारांबळ उडते. लाल वर्तुळातली चिन्हे आज्ञा देणारी, त्रिकोणातली सावध करणारी आणि निळ्या आयतातली बहुतांशी माहिती देणारी, एवढी विभागणी पक्की झाली तरी निम्मे काम होते. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, चौकटीबाहेरून कुजबुजणारे काका-मामा दिसत नाहीत. म्हणून परीक्षेपुरते मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. नापास झाल्यास चाचणीचे शुल्क भरून पुन्हा बसता येते, तेव्हा उत्तर सांगून मुलांना पास करण्यात कसलेच शहाणपण नाही. संकेतस्थळाला मी गुण कापतो ते या एकाच बाबीत, आणि या कमतरतेला मी किरकोळ मानत नाही.

उत्तीर्ण झाल्यावर लायसन्सची प्रत तिथूनच उतरवून घेता येते. ती हाती आली म्हणून एकट्याने गाडी बाहेर काढायची मुभा मिळत नाही. पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ वाहनाच्या पुढे आणि मागे लावावा लागतो, वाहन थांबवता येईल अशा जागी लायसन्सधारक शिकवणारा बसलेला असावा लागतो, आणि दुचाकीवर त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही. मैत्रिणीला मागे बसवून कॉलेजला जाण्याचा बेत यामुळे रद्द होतो; रुसवे-फुगवे होणार, हे गृहीत धरावे.

लर्निंग लायसन्सची मुदत सहा महिन्यांची असते आणि 30 दिवस उलटल्यावर पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. ती चाचणी प्रत्यक्ष वाहन चालवून द्यायची असल्याने तिथे घरबसल्या काही होत नाही. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबल्यास हवी ती तारीख मिळेलच असे नाही, त्यामुळे हात पुरेसा बसल्याची खात्री होताच ती घ्यावी, आणि चाचणीला न्यायच्या वाहनाचा विमा व पीयूसी त्या दिवशी चालू असेल ना, हेही त्याच वेळी पाहून ठेवावे.