गाडीतले बदल विमा कंपनीला कळवायचे: एजंटमार्फत की थेट?

सीएनजी किट बसवलं, पुण्यात नाना पेठेतून म्युझिक सिस्टीम घेतली, अलॉय व्हील टाकले, तर विमा कंपनीला कळवायचं की नाही, यावर मी इथे वाद घालत नाही. कळवायचं. समोरच्याची थर्ड पार्टी भरपाई सहसा अडत नाही, अडतो तो आपल्याच गाडीचा क्लेम. गाडी पेटली आणि पॉलिसीत किटचा उल्लेखच नसला, तर सर्व्हेयर पहिलं बोट तिथेच ठेवणार. (बुलबारचं, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी गार्डचं मात्र कोणाला कळवायला जाऊ नका, काढून टाका. तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येच बसत नाही, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलेलं आहे.) राहतो प्रश्न कोणत्या वाटेने कळवायचं याचा. मी दोन्ही वाटा चालून बघितल्या आहेत.

एजंटची बाजू आधी मांडतो, कारण ती दिसते त्यापेक्षा भक्कम आहे. काय कळवायचं आणि काय नाही, हे त्याला तोंडपाठ असतं. आमच्या एजंटने सीट कव्हर आणि मॅटचा विषय दोन वाक्यांत संपवला, आणि अलॉयचं मात्र बिल मागून घेतलं. किटच्या बाबतीत आधी आरसी, मग आम्ही, हा क्रमही त्यानेच सांगितला. संगम पुलाजवळच्या आरटीओतून आरसीवर इंधनाच्या रकान्यात पेट्रोलबरोबर सीएनजी येईपर्यंत पुढे काही हलणार नाही, हे त्याचं म्हणणं खरं निघालं. शिवाय क्लेमच्या वेळी फोन उचलणारा ओळखीचा माणूस असणं याची किंमत प्रीमियममध्ये मोजता येत नाही. आमच्या आईच्या गाडीचा क्लेम त्यानेच धावपळ करून मिळवून दिला होता, हेही सांगायला हवं.

थेट कंपनीकडे गेलात तर पहिला भेटतो तो चॅटबॉट. त्याला रिन्यूअल कळतं, पत्ता बदल कळतो. 'मध्येच किट बसवलंय' म्हटलं की तो पुन्हा पहिल्या मेनूवर आणून सोडतो. मग कस्टमर केअरला ईमेल. मग आरसी, किटचं बिल, बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र, आणि डिकी उघडून सिलिंडरवर कोरलेल्या नंबरचा फोटो. तो नंबर किट बसवणाऱ्याच्या पट्ट्याखाली अर्धा झाकलेला असतो. मोबाइलचा टॉर्च एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात, हे एकाच मोबाइलने जमत नाही, म्हणून शेजारच्या जोशीकाकांना पार्किंगमध्ये बोलवावं लागलं. वैताग आहे, नाही म्हणत नाही.

पैशात फरक पडला नाही, निदान मला तरी दिसला नाही. जुन्या मोटर टॅरिफपासून, म्हणजे विम्याच्या ठरलेल्या दरपत्रकापासून चालत आलेला हिशोब सर्रास वापरला जातो: किटच्या किमतीवर वर्षाला ४ टक्के, थर्ड पार्टीचे ६० रुपये वेगळे, वर जीएसटी. म्हणजे ५०,००० चं किट असेल तर साधारण २,००० आणि थोडे वर, आणि पॉलिसीचे जेवढे महिने उरलेत तेवढ्यापुरतेच. म्युझिक सिस्टीमलाही तोच ४ टक्क्यांचा हिशोब लागतो.

तरी माझा काटा थेट वाटेकडे झुकला, आणि त्याचं कारण व्हॉट्सअॅपवरचा एक अंगठा. मी एजंटला आरसी, बिलं, सगळं पाठवलं. उत्तरात अंगठा आला. आठवड्याने विचारलं, 'कंपनीला पाठवलंय, काळजी करू नका.' पुन्हा विचारलं, पुन्हा अंगठा. माणूस खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. त्याच्या दृष्टीने पाठवणं म्हणजेच काम होणं. पण कव्हर लागू होतं ते एंडॉर्समेंटवर, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाच्या कागदावर छापलेल्या तारखेपासून, आपण एजंटला सांगितल्या दिवसापासून नाही. दरम्यान मी रोज नवले पुलाचा उतार उतरत होतो, आणि पॉलिसीत आयडीव्हीच्या (गाडीच्या विमा रकमेच्या) तक्त्यात 'सीएनजी किट' या रकान्याखाली शून्य होतं. शून्य दिसायला छोटं असतं. पण एकदा दिसल्यावर माझ्या डोळ्यासमोरून ते हलेना.

थेट ईमेल केल्यावर निदान सर्व्हिस रिक्वेस्टचा नंबर आला. तो घेऊन फोन केला की समोरच्याला टाळता येत नाही. शेवटी पीडीएफ आली: एंडॉर्समेंटचा क्रमांक, लागू तारीख, किटची रक्कम तिच्या रकान्यात, आणि खाली लागू कलमांच्या यादीत आयएमटी २५, म्हणजे त्याच जुन्या टॅरिफमधलं गॅस किटचं कलम. म्युझिक सिस्टीमसाठी आयएमटी २४. हे दोन आकडे दिसले की समजायचं काम झालं. नुसता 'युवर रिक्वेस्ट इज प्रोसेस्ड' असा मेसेज आला तर नाही.

आता हे सगळ्यांना लागू होईल असं माझं म्हणणं नाही. आरटीओची धावपळ करायला वेळ नसेल, घरात वयस्कर माणसाच्या नावावर गाडी असेल, किंवा तुमचा एजंट मागितल्यावर एंडॉर्समेंटचा कागद हातात ठेवणारा असेल, तर त्याला सोडू नका. असे एजंट आहेत; सहकारनगरच्या एका मित्राकडे आहे, आणि मी त्याचा नंबर मागून ठेवलाय. मीही क्लेमसाठी जुना एजंट तोडलेला नाही. फक्त बदल कळवायचा असेल तर ईमेल मी करतो आणि त्याला सीसीत ठेवतो. त्याला ते फारसं आवडत नाही.

दोन्ही वाटांनी जाणाऱ्यांनी रिन्यूअलला मात्र डोळे उघडे ठेवावेत, विशेषतः कंपनी बदलताना. नो क्लेम बोनस नव्या कंपनीत बरोबर येतो, किटची नोंद आपोआप येईलच असं नाही. ऑनलाइन फॉर्मवर बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटचा चौकोन बहुधा रिकामाच असतो. तिथे टिक करून रक्कम आपण भरायची. आणि कोटेशन अचानक स्वस्त दिसलं, तर आधी तोच चौकोन बघायचा.