पेत्रोविच की कुकोच: अभ्यासाला आधी कोणाचा खेळ घ्यावा?

बास्केटबॉलमध्ये गार्ड म्हणून (बास्केटपासून दूर, बाहेरच्या बाजूला) खेळत असाल आणि गुण करणं हेच मुख्य काम असेल, तर आधी द्राझेन पेत्रोविच. मात्र त्याचा न्यू जर्सी नेट्सचाच (अमेरिकेच्या एनबीए लीगमधला संघ) काळ घ्या, म्हणजे १९९१ ते १९९३. उंची भरपूर, चेंडूवर हातही बसलेला, तरी प्रशिक्षक कायम बास्केटखालीच उभं करतात, अशांनी टोनी कुकोच घ्यावा. युरोपातल्या स्प्लिट क्लबचा काळ आधी, एनबीएतलं शिकागो बुल्स नंतर. दोघंही क्रोएशियाच्या दाल्मेशिया किनाऱ्यावरचे, पेत्रोविच शिबेनिकचा आणि कुकोच स्प्लिटचा. दोघंही हॉल ऑफ फेममध्ये आहेत, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. आणि नाव बरोबर निवडून काळ चुकीचा निवडला, तर महिनाभर बघूनही हाती काही लागत नाही.

पेत्रोविचच्या बाबतीत ही चूक हमखास होते. त्याचं नाव शोधलं की दोन आकडे समोर येतात, ११२ आणि ६२. ११२ गुण त्याने ५ ऑक्टोबर १९८५ ला सिबोना झाग्रेबकडून ल्युब्लियानाच्या ओलिम्पियाविरुद्ध केले: ६० पैकी ४० फटके, २२ पैकी २२ फ्री थ्रो. ऐकायला जबरदस्त, पण समोर ज्युनियर मुलं उभी होती. ६२ चा सामना मात्र खरा. १९८९ मध्ये अथेन्सला कप विनर्स कपची अंतिम लढत, पेत्रोविचच्या रेआल माद्रिदने कासेर्ताला जादा वेळेत ११७-११३ असं हरवलं, आणि पलीकडून ऑस्कर श्मिटने ४४ केले. जरूर बघा, पण करमणूक म्हणून. चेंडू जवळजवळ सतत त्याच्याच हातात आहे, आणि इतकी मोकळीक तुमच्या संघात तुम्हाला कोणी देणार नाही.

शिकण्यासारखा पेत्रोविच पोर्टलंडला बाकावर बसल्यानंतर घडला. १९८९-९० मध्ये तो एनबीएत आला तेव्हा त्याच्या जागी क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर खेळत होते आणि संघ थेट अंतिम फेरीत गेला. याच्या वाट्याला सामन्यामागे १२.६ मिनिटं आणि ७.६ गुण. पुढच्या मोसमात मिनिटं आणखी घटली. २३ जानेवारी १९९१ ला त्याला न्यू जर्सीला पाठवलं, आणि तिथल्या पहिल्या पूर्ण मोसमात, १९९१-९२ मध्ये, तो सर्व ८२ सामने खेळून २०.६ च्या सरासरीने गुण करत होता. त्याच्या पुढच्या वर्षी २२.३, फटक्यांची अचूकता ५१.८ टक्के, तीन गुणांच्या रेषेबाहेरून ४४.९ टक्के. ऑल-स्टार सामन्याला (निवडक खेळाडूंच्या सामन्याला) त्याला घेतलं नाही, हे आजही पटत नाही; त्याच मोसमाअखेर एनबीएच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या तिसऱ्या संघात मात्र त्याचं नाव आलं.

बदललं काय? अंगात ताकद आली हे झालंच, पण मुख्य म्हणजे तो चेंडूशिवाय खेळू लागला. म्हणून नेट्सचे सामने बघताना पहिली दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका, फक्त त्याच्याकडे बघा. स्क्रीनकडे (डिफेंडरच्या वाटेत उभ्या राहिलेल्या सहकाऱ्याकडे) जाताना तो आधी रेंगाळतो, डिफेंडरला आपल्या चालीत आणतो आणि मग एकदम सुटतो. स्क्रीन लावणाऱ्याच्या कमरेला खांदा घासून जातो, मध्ये फट ठेवत नाही. चेंडू हातात येतो तेव्हा गुडघे आधीच वाकलेले असतात, त्यामुळे झेल आणि फटका यांत थांबा नाही. नक्कल करणारी मुलं इथेच फसतात. ती स्क्रीन लागण्याआधीच धावत सुटतात, दोन फूट अंतर ठेवून जातात आणि डिफेंडर त्या फटीतून सहज मागे येतो. किंवा झेल ताठ पायांवर घेतात, मग वाकायचं, मग फटका. तेवढ्या वेळात समोर हात आलेला असतो. सराव करायचा तर आधी पास देणारा, स्क्रीन लावणारा आणि तुम्ही, असे तिघेच घ्या. दोन्ही कोपरे, दोन्ही बगला आणि मधला माथा, अशा पाच जागांवरून प्रत्येकी दहा फटके नीट बसले की मगच डिफेंडर आणा.

आणखी एक गैरसमज असतो. पेत्रोविच म्हणजे तीनचा पाऊस, असं वाटून बघायला बसाल तर चक्रावाल. १९९२-९३ मध्ये ७० सामन्यांत त्याने तीनचे फटके मारून पाहिले एकूण १६७, म्हणजे सामन्याला अडीचच्याही आत. बहुतेक गुण रेषेच्या आतून, एकदोन ड्रिबलनंतरच्या जंपरवर (उडी मारून घेतलेल्या फटक्यावर) आले. आजकाल मधल्या पट्ट्यातला हा फटका फारसा शिकवला जात नाही, म्हणून तर तो त्याच्याकडून घ्यावा.

कुकोचकडे वळू. युगोप्लास्टिका स्प्लिटने १९८९, १९९० आणि १९९१ असा सलग तीन वेळा युरोपचा चषक जिंकला आणि तो त्या संघाचा कणा होता. उंची २.०८ मीटरच्या वर, डावखुरा, आणि तरी चेंडू वर आणण्याचं काम तोच करायचा. १९८७ ला बोर्मियोत ज्युनियर विश्वचषकात त्याने अमेरिकेविरुद्ध तीनचे १२ पैकी ११ फटके टाकले. पण शिकायचा तो पास. फ्री थ्रो रेषेच्या टोकाला चेंडू घेऊन तो क्षणभर थांबतो, डोकं वर, आणि बास्केटकडे कापत जाणाऱ्याच्या हातात चेंडू ठेवतो. उंचीमुळे त्याला समोरच्याच्या डोक्यावरून दिसतं. तुमची उंची आसपासच्यांहून बरीच जास्त नसेल, तर हा पास तुमच्या हातून अडवला जाणार, हे गृहीत धरा. उंच मुलांचा घोटाळा वेगळाच: न बघता पास देणं आधी शिकतात आणि ड्रिबल छातीपर्यंत उसळू देतात. कुकोचचा ड्रिबल एवढ्या उंचीलाही गुडघ्याच्या आसपास असतो, तो आधी उचला.

कारकिर्दीची आखणी डोळ्यांपुढे असेल, तर दोघांना शेजारी ठेवणं फार उपयोगी आहे. दोघांचीही ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) निवड २१ व्या वर्षी झाली (पेत्रोविच १९८६ मध्ये ६० वा, कुकोच १९९० मध्ये २९ वा), दोघंही तीन वर्षं युरोपात थांबले, आणि दोघंही २५ व्या वर्षी एनबीएत पहिला मोसम खेळले. फरक जागेचा. पेत्रोविचच्या जागी ड्रेक्सलर होता. कुकोचचा शिकागोतला पहिला मोसम सुरू होण्याआधीच मायकेल जॉर्डन निवृत्त झाला. कुकोचला लगेच मिनिटं मिळाली, १०.९ ची सरासरी पडली. क्लब निवडताना पगार आणि नाव बघण्याआधी आपल्या जागी आणखी कोण खेळतंय, हे विचारायचं ते यासाठी.

कुकोचला त्रास झाला तो बचावात. १९९४ ला बास्केटजवळ खेळणारा सहकारी होरेस ग्रँट गेल्यावर त्याला जाडजूड पॉवर फॉरवर्डांपुढे उभं राहावं लागलं आणि तिथे तो ढकलला जायचा. त्या जागी डेनिस रॉडमन आल्यावर तो बाकावर गेला, आणि १९९६ ला सर्वोत्तम राखीव खेळाडूचा पुरस्कार मिळाला: १३.१ गुण, तीनच्या फटक्यांत ४०.३ टक्के. हा टक्का पेत्रोविचच्या शेजारी मांडू नका. १९९४ ते १९९७ एनबीएने तीनची रेषा सगळीकडे ६.७० मीटरवर आणली होती. पेत्रोविचच्या वेळी ती समोरून ७.२४ मीटरवर होती. युरोपातले दोघांचे जुने सामने बघताना हेही लक्षात असू द्या की तिथे रेषा ६.२५ मीटरवर आणि शॉट क्लॉक (फटका घेण्याची मुदत) ३० सेकंदांचा होता. तिथलं संथ, पासांनी विणलेलं आक्रमण आजच्या २४ सेकंदांत जसंच्या तसं बसत नाही.

साहित्य किती मिळेल याचाही विचार करा. कुकोच २००६ पर्यंत खेळला, तीन विजेतेपदं घेतली. पेत्रोविच ७ जून १९९३ ला बव्हेरियात डेंकेनडॉर्फजवळ मोटार अपघातात गेला, वय २८. नेट्सचे अडीचच मोसम आहेत.

सुरुवात कुठून करायची? पेत्रोविचसाठी जानेवारी १९९३ मधला ह्यूस्टनविरुद्धचा ४४ गुणांचा सामना. कुकोचसाठी १९९८ च्या अंतिम मालिकेतला पाचवा: १३ पैकी ११ फटके, ३० गुण, तरी शिकागो ८१-८३ ने हरलं. आणि अजूनही ठरत नसेल, तर १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमधले क्रोएशियाचे अमेरिकेविरुद्धचे दोन्ही सामने लावा. गटातल्या सामन्यात पिपेन आणि जॉर्डनने कुकोचला श्वास घेऊ दिला नाही, ११ पैकी २ फटके आणि ४ गुण. अंतिम सामन्यात त्याच बचावापुढे त्याने १६ गुण केले आणि ९ असिस्ट (थेट गुण मिळवून देणारे पास) दिले, पेत्रोविचने २४ गुण केले, क्रोएशिया ८५-११७ ने हरलं. बघताना तुमची नजर आपोआप ज्याच्या पायांकडे जाईल, त्याच्यापासून सुरुवात करा.