फिंचची जोडी घेताय? पिंपरीच्या काकांकडचा माझा अनुभव

पिंपरीतल्या एका घरगुती ब्रीडर काकांकडून दिवाळीनंतर झेब्रा फिंचची जोडी घेतली, त्याला आता आठ महिने झाले म्हणून लिहितोय, पक्षी घरी आणला त्याच दिवशी रिव्ह्यू टाकून काही कळत नाही. काकांचं नाव टाकत नाही, त्यांनीच नको म्हटलंय.

आधीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वी बाजारातल्या एका दुकानातून तुरेवाली जोडी आणली होती, नरालाही तुरा, मादीलाही तुरा, दुकानदार म्हणाला सगळी पिल्लं तुऱ्याचीच निघतील. दर खेपेला पाच अंडी आणि दर खेपेला त्यातलं एखादं दुसरं मधेच थांबायचं. अंड्यामागे मोबाईलचा टॉर्च लावला की आधी लाल शिरांचं जाळं दिसायचं, चार दिवसांनी बघावं तर ते गेलेलं. मी खाणं बदललं, अंडी घालायची मटकी बदलली, पिंजऱ्याची जागा बदलली, फरक शून्य. काकांना हे सांगितलं तर पहिला प्रश्न, दोघांनाही तुरा आहे का? तुरा डॉमिनंट आहे, म्हणजे एका पालकाकडून आला तरी दिसतो, एकाच बाजूने आला तर पक्षी ठणठणीत, दोन्हीकडून आला तर पिल्लू अंड्यातच जातं, सरासरी चारातलं एक. तुरेवाल्याला बिनतुऱ्याचाच जोडीदार द्यायचा, निम्मी पिल्लं तरीही तुऱ्याची येतात. माझ्याकडे दोन्ही तुऱ्याची जोडी मागितलीस तर देणार नाही म्हणाले. धंद्यातला माणूस असं सरळ बोलतो हे मला फार आवडलं.

मला फॉन, म्हणजे फिकट तपकिरी, रंग हवा होता. त्यांच्याकडे फॉन मादी होती, मी तीच मागत होतो, तर म्हणाले थांब, फॉन नर घे आणि साधी ग्रे मादी घे. हा रंग सेक्स लिंक्ड आहे, म्हणजे नर आणि मादी पिल्लांत वेगवेगळा उतरतो, नर फॉन असला की सगळ्या माद्या पहिल्याच खेपेला फॉन, आणि नर दिसायला ग्रे पण आतून स्प्लिट, म्हणजे फॉन दिसत नाही पण पुढच्या पिल्लांना देऊ शकतो. उलटी जोडी लावली आणि ग्रे नर स्प्लिट नसला तर पहिली खेप सगळी ग्रेच दिसते, लोकांना वाटतं फसवलं. आणि मादी फॉनला स्प्लिट असूच शकत नाही, एकतर फॉन नाहीतर नाही, त्यामुळे कोणी "स्प्लिट मादी" म्हणून जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

प्रत्येक पिंजऱ्यावर पुठ्ठ्याचं कार्ड, त्यावर पेनने पक्ष्याच्या पायातल्या रिंगचा नंबर, आईबाप, जन्मतारीख. माझी जोडी दोन वेगळ्या घरच्या पक्ष्यांची होती, ते कार्डावरच दिसलं. देताना मादी हातात धरून पोटावरची पिसं फुंकून दाखवली, छातीचं हाड टोचत नाही ना बघ म्हणाले. ती नऊ महिन्यांची होती, सहाच्या आतली ते देतच नाहीत, अंडं अडकून मादी जाते म्हणतात. राळा, एग फूड (अंड्याचं खाणं) आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस कायम ठेवायला सांगितलं, आणि वर्षाला दोन, फार तर तीन खेपा झाल्या की मटकी काढून घ्यायची.

पहिल्या खेपेला पाच अंडी, चार पिल्लं, त्यातली दोन फॉन. चोच काळ्याची नारिंगी झाली, नराला येतो तो गालावरचा पट्टा आला नाही, दोन्ही माद्या, अगदी काका म्हणाले तसंच!

एक जण माझ्यासमोर लाल मुनिया मागायला आला होता, त्याला आपल्या रानातले पक्षी पाळणं कायद्याने गुन्हा आहे सांगून परत पाठवलं.

अडचणी म्हणजे फोन फक्त संध्याकाळी उचलतात, घरपोच देत नाहीत, आणि रंग मोजकेच. जोडी ९०० ला पडली, बाजारापेक्षा महाग आहे. ब्लॅक चीक (काळ्या गालाच्या) नरासाठी नाव लावून आलोय, दिवाळीपर्यंत थांब म्हणाले, थांबणार.