सात महिन्यांनंतर: हिरवी स्टील सायकल आणि डाऊन ट्यूबवरचा तो फोड

सायकल घेऊन सात महिने झाले. गिअर, टायर, वजन याबद्दल सगळीकडे लिहून झालंय आणि स्पेसिफिकेशन तुम्हाला पाठ असणार, म्हणून त्यात शिरत नाही. चालवायला सायकल सुरेख आहे. मला लिहायचंय ते रंगाबद्दल, आणि त्यातही डाऊन ट्यूबच्या (हँडलकडून पेडलकडे तिरकी उतरणारी फ्रेमची नळी) पोटावर करंगळीच्या नखाएवढ्या एका जागेबद्दल. त्या जागेने माझे पाच आठवडे घेतले.

खोक्यातून काढली त्या दिवशीच तीन गोष्टी दिसल्या होत्या. डाव्या सीटस्टेच्या (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) आतल्या बाजूला रंगाचा ओघळ, मेणबत्तीवरून मेण ओघळून थिजावं तसा. टॉप ट्यूबवर (वरची आडवी नळी) रंगाखाली अडकलेला धुळीचा तिळाएवढा कण. आणि चेनस्टेवर (पेडलकडून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) टवका, कारण खोक्यातला फोम सरकला होता आणि क्रँक (पेडलचा दांडा) तिथेच घासत आला होता. नवीन वस्तू आहे, पै पै साठवून घेतलेली आहे, मन खट्टू होतंच. पहिल्या आठवड्यात मी सगळ्यांना सांगत सुटले होते की या कंपनीच्या रंगकामात दम नाही, तो ओघळ बघा.

तो ओघळाबद्दलचा राग आज मी मागे घेते. ओला रंग धारदार कडेवरून मागे सरतो आणि खोबणीत, कोपऱ्यात साचतो. त्यामुळे कडांवर थर पातळ होतो आणि कोपऱ्यात जाड. ओघळ म्हणजे जाड झालेला थर. दिसायला वाईट, पण खालचं स्टील तिथे उलट जास्त झाकलेलं असतं. सात महिन्यांत त्या ओघळाला काही झालेलं नाही. धुळीचा कण तर आता मला शोधावा लागतो. ड्रॉपआऊटवर (फ्रेमला चाक बसतं ती खाच) चाकाचा एक्सल आवळल्यावर रंग चिरडला, तेही चालायचंच. दोन धातूंच्या दाबात रंग टिकत नाही, कुठल्याच सायकलवर टिकत नाही.

नको तिथे रंग लागला होता, त्याचा त्रास मात्र झाला. दुसऱ्या महिन्यात मागचा डिस्क ब्रेक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला घासल्याचा आवाज करायला लागला. कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) दहादा सैल करून पुन्हा बसवला, तरी आवळला की वाकडा. शेवटी एका जाणत्या मेकॅनिकने फ्रेमवरच्या कॅलिपरच्या दोन बैठकांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "ताई, इथे रंगाचा ढीग आहे, धातू कुठाय?" त्याने बैठका हत्याराने सपाट करून दिल्या, दहा मिनिटांत आवाज बंद. नवी डिस्क ब्रेकची सायकल कुरकुरत असेल तर पॅड बदलण्याआधी या बैठका बघा, फुकट काम आहे.

आता तो फोड. डाऊन ट्यूबच्या खालच्या बाजूला पुढच्या चाकाने उडवलेले खडे बसतात, म्हणून दुसऱ्याच आठवड्यात मी तिथे पारदर्शक संरक्षक फिल्म लावली. हेड ट्यूबवर (हँडलखालची उभी आखूड नळी) केबल घासते तिथेही लावली, त्याच रोलची, त्याच दिवशी. चौथ्या महिन्यात सायकल उलटी करून धुताना डाऊन ट्यूबवरच्या फिल्मखाली मसुराएवढा फुगवटा दिसला. आधी वाटलं हवेचा बुडबुडा असेल. नखाने दाबला तर मऊ लागला आणि बारीक कर्र वाजला. फिल्म एका कडेने हळूहळू सोलली, तर रंग फिल्मलाच चिकटून आला. खाली राखाडी प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) हवा होता, तो नव्हताच. उघडं स्टील होतं आणि त्यावर केसासारख्या वाकड्यातिकड्या तपकिरी रेषा पसरलेल्या. ते बघून पोटात खड्डा पडला, खोटं कशाला सांगू.

फोटो काढून कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं ते फोनवर, "मॅडम, हा कॉस्मेटिक प्रकार आहे, आणि रंग तुम्हीच फिल्म काढताना उपटलाय."

या एका वाक्यावर मी पाच आठवडे भांडले. चरा हा कॉस्मेटिक, ओघळ हा कॉस्मेटिक, हे मला मान्य आहे. पण रंगाचं खरं काम स्टीलला पाणी आणि हवा लागू न देणं हे आहे, आणि रंग धातूला चिकटलेलाच नसेल तर ते काम झालेलंच नाही. वरून तो कितीही चकचकीत असला तरी आत ओल जाते आणि गंज रंगाखालून पुढे सरकतो. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला लाल गंज चढत नाही, तरी रंगाखाली त्याचीही पांढरट झीज होऊन फोड येतात. म्हणजे धातू कुठलाही असो, फुगलेला रंग हा दिसण्याचा प्रश्न नसतो.

फिल्मबद्दलच्या आरोपाचं उत्तर मी सायकलवरच दिलं. हेड ट्यूबवरची फिल्म कॅमेऱ्यासमोर ओढून काढली. रंगाचा कणही निघाला नाही. मग जखमेच्या कडेला चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढली, अजून दोन मिलिमीटर रंग आला. तीच पट्टी तीन सेंटिमीटर पुढे लावली, काही नाही. रंग किती चिकटलाय हे तपासायची पद्धत रंगाच्या धंद्यात मुळातच अशी आहे: पात्याने बारीक चौकटी कापायच्या, पट्टी लावून ओढायची आणि किती चौकोन निघाले ते बघायचे. आयएसओ 2409 हे मानक याच चौकटींच्या चाचणीचं. माझ्या फ्रेमवर चौकटी कापायची माझी हिंमत नव्हती, पण कडेवरून जे दिसायचं ते दिसलं. माझा अंदाज असा की रंगाआधी त्या जागी तेलाचा किंवा हाताचा डाग राहून गेला असावा. बाकी फ्रेमवर रंग घट्ट आहे, हेही त्याच तपासणीने कळलं आणि जीव भांड्यात पडला.

वॉरंटीच्या कागदावर रंगाच्या उत्पादनदोषाला एक वर्ष मुदत दिलेली आहे. ती ओळ अधोरेखित करून पाठवली तेव्हा सूर बदलला. पण तोडगा काय, तर सगळे भाग काढून नुसती फ्रेम पाठवा, उतरवायचा आणि पाठवायचा खर्च तुमचा, तपासून मग ठरवू. हेडसेट (हँडल फिरवणारे बेअरिंग) काढा, ब्रेकच्या नळ्या सोडवा, पुन्हा तेल भरा, आणि सायकल किती आठवडे जाणार ते कुणी सांगेना. नखाएवढ्या जागेसाठी एवढे पैसे घालवणं मला पटलं नाही. मी रंगाची छोटी बाटली मागितली. ती दोन आठवड्यांनी आली.

दुरुस्ती घरीच केली. आधी सैल रंग खरवडत गेले, जिथे नख अडायला लागलं तिथे थांबले. ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, कारण सैल कडेवर नवा रंग लावला तर तोही तिच्याबरोबर सुटतो. मग 320 नंबरचा पॉलिश पेपर, मग 600. हात हलका ठेवला, क्रोमोली (सायकलच्या फ्रेमचं मिश्र स्टील) नळीची भिंत मधल्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. बारीक खळग्यात अडकलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं गंज-कन्व्हर्टर लावलं, ते काळं पडलं, पुसलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसून मग प्रायमर, आणि त्यानंतर त्या जागेला बोट लावलं नाही. प्रायमर रात्रभर वाळू दिला. रंगाचे तीन पातळ थर दिले, प्रत्येक थर वाळल्यावरच पुढचा, शेवटी लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक थर. जाड एकच थर देऊन काम उरकायचा मोह होतो. तो वरून वाळतो, आत ओला राहतो आणि पुढे सुरकुततो.

मध्यंतरी सीट क्लॅम्पच्या (सीटचा दांडा आवळणारी पट्टी) फटीजवळ केसासारखी रेघ दिसली तेव्हा झोप उडाली होती. स्टीलवर वेल्डच्या कडेने रेघ असेल आणि तिच्यातून गंज झिरपत असेल तर सायकल चालवणं थांबवून आधी दाखवावी. माझी रेघ नुसत्या लॅकरची निघाली. क्लॅम्प आवळला की फट दबते आणि वरचा कडक थर तडकतो. मेकॅनिकने खरवडून आतलं अखंड स्टील दाखवलं.

कौतुकाचंही लिहायला हवं. नावाची अक्षरं लॅकरच्या खाली आहेत, बोट फिरवलं तर कड लागत नाही, आणि सात महिने धुऊनही एक अक्षर उचललेलं नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हा हिरवा रंग असा खोल दिसतो की मी सायकल टेकवून उगाच दोन पावलं मागे जाऊन बघते.

दुरुस्तीला आता सात आठवडे झाले, त्यातले चार पावसाचे. कंपनीने पाठवलेल्या बाटलीत रंगातली चमकी कमी आहे, त्यामुळे उन्हात ती जागा मंद दिसते आणि नखाला बारीक पायरी लागते. फुगवटा नाही, तपकिरी रेघ नाही. सायकलला पाचपैकी चार, सेवेला दोन. चिकटपट्टीने कडेची जागा मी अजून पुन्हा ओढून पाहिलेली नाही. पाऊस संपला की ते करणार आहे.