घरच्या घरी मशीन पॉलिश: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या खंडेनवमीला गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढण्यासाठी वाकलो, तेव्हा सकाळच्या तिरप्या उन्हात सगळे बॉनेट कोळ्याने जाळे विणावे तसे बारीक रेघांनी भरलेले दिसले. गाडी काळी आहे, जुनी घेतलेली आहे आणि पुण्यात उघड्या पार्किंगमध्ये उभी असते. सोसायटीत रोज पहाटे एकाच बादलीत बुडवलेल्या एकाच फडक्याने पंधरा-वीस गाड्या पुसल्या जातात, त्यात शेजारी बांधकाम सुरू असल्यामुळे फडक्यात सिमेंटची बारीक धूळ असतेच. या रेघा वर्तुळाकार दिसतात म्हणून त्या गोल पुसल्यामुळे पडतात असे मी समजत होतो. प्रत्यक्षात त्या सगळ्या दिशांना पडलेल्या सरळ रेघाच असतात आणि प्रकाशाला आडव्या येणाऱ्या तेवढ्याच चमकत असल्याने दिव्याभोवती किंवा सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती वर्तुळे भासतात.

गाड्यांची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्या एका डिटेलिंग स्टुडिओने सांगितलेला खर्च ऐकून मी स्वतःचे पॉलिशर घेण्याचे ठरवले. घेतलेले यंत्र ड्युअल अॅक्शन प्रकारचे आहे: 15 मिलिमीटरचा थ्रो (पॅड डोलताना ज्या वर्तुळात सरकते त्याचा व्यास), 5 इंची बॅकिंग प्लेट (पॅड चिकटवायची तबकडी) आणि 1 ते 6 अशी वेगाची चकती. यंत्राला सुमारे अकरा हजार रुपये लागले. पण पॅड, कंपाउंड (जास्त घासणारे पॉलिश), फिनिशिंग पॉलिश (शेवटचे हलके पॉलिश), क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी), मास्किंग टेप आणि डझनभर मायक्रोफायबर कापडे मिळून आणखी सहा हजार गेले, आणि हा दुसरा आकडा विकत घेताना कोणी सांगत नाही. साधे रोटरी पॉलिशर यापेक्षा स्वस्तात मिळते, परंतु ते एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने उष्णता एका जागी साठते आणि नवख्या हाताने रंग भाजण्याची भीती असते. ड्युअल अॅक्शनचे पॅड स्वतःभोवती फिरता फिरता केंद्रापासून सरकून डोलतेही, आणि जास्त दाबले की त्याचे फिरणे थांबते. शिकाऊ माणसाला त्याची ही खोड फार उपयोगी पडते.

खरे कष्ट यंत्र सुरू करण्याआधीचे आहेत. दोन बादल्यांनी, म्हणजे एकीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खळबळण्यासाठी साधे पाणी अशा रीतीने, गाडी धुतल्यावर मी आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाला लागताच जांभळे होणारे द्रावण, फवारला; मागच्या चाकांवरून आणि दारांच्या खालच्या भागावरून जांभळे ओघळ वाहू लागले, कारण ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसलेले असतात. त्यानंतर हाताला प्लास्टिकची पातळ पिशवी घालून छतावरून बोटे फिरवली. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारे छत पिशवीतून सँडपेपरसारखे खरखरीत लागले. क्ले बारने ते साफ करायला दोन तास गेले. क्लेचा तुकडा एकदा जमिनीवर पडला की तो फेकूनच द्यावा; मी पहिल्या दिवशी कंजूषपणा करून तो पुन्हा वापरला आणि दारावर तीन नव्या रेघा पाडून घेतल्या.

मित्राकडून रंगाची जाडी मोजणारे यंत्र मागून आणले, हे बरे झाले. बॉनेट, छत आणि तीन दारांवर आकडा 105 ते 120 मायक्रॉनच्या दरम्यान आला, मात्र मागच्या डाव्या दारावर तो थेट 240 पर्यंत गेला. म्हणजे गाडी विकणाऱ्याने न सांगितलेला रंगकामाचा इतिहास मला पॉलिशच्या निमित्ताने कळला. हे यंत्र सगळे थर मिळून मोजते, वरचा पारदर्शक क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. क्लिअर कोट साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, वर्तमानपत्राच्या पानापेक्षाही पातळ असतो. पॉलिश म्हणजे तोच थर रेघेच्या तळापर्यंत घासून सपाट करणे, हे एकदा नीट समजल्यावर माझा हात आपोआप हलका झाला.

बॉनेटच्या दीड फूट चौकोनावर आधी मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशने चाचणी घेतली. फारसा फरक पडला नाही, तेव्हा मध्यम पॅड आणि कंपाउंड लावले. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, वेग 4 ते 5, हात सेकंदाला जेमतेम इंचभर सरकेल इतका संथ, आणि उभ्या-आडव्या मिळून चार फेऱ्या, हे गणित माझ्या रंगाला जुळले. प्रत्येक चौकोनानंतर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नये, कारण पॉलिशमधले तेल रेघांत भरून त्या झाकते आणि चार दिवसांनी त्या पुन्हा वर येतात. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक जाड रेघ ओढली होती. ती रेघ फिरताना दिसते तोवर काम होत आहे आणि ती नुसती थरथरू लागली की पॅड थांबले आहे, हे डोळ्यांना लगेच कळते. दाराच्या बाकदार भागावर माझे पॅड वारंवार असे थांबत होते; मोठ्या थ्रोच्या यंत्राची ही मर्यादाच आहे, आणि खांबांसाठी व आरशांसाठी मला शेवटी 3 इंची प्लेट व लहान पॅड वेगळे घ्यावे लागले.

पहिल्या पूर्ण कामाला दोन रविवार, म्हणजे सुमारे अकरा तास लागले. दुसऱ्या रविवारी दहानंतर ऊन बॉनेटवर आले आणि कंपाउंड पुसण्याआधीच वाळून पांढरे चिकटले, म्हणून आता पत्रा हाताला थंड लागेल तेवढ्याच वेळात मी काम करतो. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीवर टेप लावायचा राहिला तिथे पांढरी पूड बसली, ती जुन्या टूथब्रशने काढताना अर्धा तास गेला. वायर खांद्यावरून मागे टाकावी, नाहीतर एका पॅनेलवर पॉलिश आणि शेजारच्या पॅनेलवर वायरचे घासणे एकाच वेळी चालते.

यंत्राबद्दल तक्रारी दोनच आहेत. दोन तासांनंतर बोटांना मुंग्या येतात. दुसरी तक्रार मोठी: चौथ्या महिन्यात बॅकिंग प्लेटच्या मधल्या भागातले वेल्क्रोचे काटे उष्णतेने वितळून आडवे झाले आणि पॅड फिरता फिरता सुटून पार्किंगमध्ये घरंगळत गेले. थांबलेल्या पॅडवर दाब देण्याची माझी सवय त्याला निम्मी कारणीभूत होती, पण सुट्या प्लेटसाठी विक्रेत्याने पाच आठवडे लावले. घेणाऱ्याने सुटे भाग कुठे मिळतात हे आधी विचारून घ्यावे.

मार्चमध्ये फक्त बॉनेट आणि डिकीवर मऊ पॅडने तीन तासांचे हलके काम केले, त्यानंतर यंत्र कपाटातच आहे. बोअरच्या पाण्याचे डाग पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने जातात, त्यासाठी पॉलिशर लागत नाही. उंबराखाली रात्रभर गाडी राहिली तेव्हा वटवाघळांच्या विष्ठेने छतावर पाडलेला चरा मात्र यंत्रानेही पुसट झाला, गेला नाही. रोजचे पुसणे मी पैसे देऊन बंद केले आहे, म्हणजे महिन्याचे पैसे चालू आणि फडके बंद. गाड्या पुसणाऱ्या मुलाला हे अजून विचित्र वाटते. मागच्या डाव्या दारावरचा जुना ओरखडा नखाला अडकतो, इतका खोल आहे. दुसऱ्यांदा रंगवलेल्या त्या दारावर क्लिअर कोट किती उरला आहे हे 240 चा आकडा सांगत नाही, म्हणून तो ओरखडा तसाच ठेवला आहे.