३७५, ४१६ की ४५८? केप बफेलोसाठी काडतूस घेताना

आधीच सांगून टाकतो, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषय संपलाय, दाजीपूरचा गवा आता फक्त बघायचा. हे सगळं आफ्रिकेचं चाललंय, नामिबिया, झिम्बाब्वे, टांझानिया वगैरे, जिथे परवाना काढून केप बफेलो, म्हणजे तिथला रानरेडा, मारता येतो. आणि तिकडे किंवा अमेरिकेत राहणारी आपली काही मंडळी पहिली मोठी रायफल घेताना हमखास याच तीन आकड्यांत (गोळीचा व्यास, इंचाच्या हजारांशात) अडकतात.

३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) हे १९१२ चं काडतूस. ३०० ग्रेनची गोळी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप, साधारण साडेपंधरा ग्रेन म्हणजे एक ग्रॅम), वेग साधारण २५३० फूट प्रति सेकंद, ऊर्जा ४२०० फूट-पाउंडच्या थोडी वर. नामिबियात बफेलोला किमान ५४०० जूल लागतात, त्यात हे बसतं, फार वर नाही पण बसतं. याचा खरा फायदा वेगळाच आहे. गोळीचा मार्ग बराचसा ३०-०६ या नेहमीच्या मध्यम काडतुसासारखा, त्यामुळे सकाळी बफेलोच्या मागे चाललात आणि दुपारी दोनशे मीटरवर कुडू (हरणासारखं मोठं जनावर) दिसला तर रायफल बदलायची गरज नाही. शिवाय विमानात माणशी ५ किलोच दारूगोळा नेता येतो, आणि ती बॅग कुठे हरवली तर ३७५ ची काडतुसं मिळायची शक्यता बाकी सगळ्यांपेक्षा जास्त, पण याचा विचार लोक रायफल घेऊन झाल्यावर करतात.

४१६ मध्ये दोन भाऊ. रिग्बी १९११ चं, भलीमोठी केस (पावडर भरायची पितळी नळी) आणि कमी दाब, कारण तेव्हा कॉर्डाइट, म्हणजे जुन्या प्रकारची बंदुकीची पावडर, वापरायचे आणि उन्हात त्याचा दाब वाढून केस चेंबरमध्ये अडकायची भीती असायची, समोर जखमी रेडा असताना केस अडकली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. रेमिंग्टन मॅग्नम १९८८ चं, काम तेच, ४०० ग्रेन सुमारे २४०० च्या वेगाने म्हणजे ५००० फूट-पाउंडच्या आसपास, पण लहान केसमधून आणि जास्त दाबावर. त्यामुळे ते ३७५ च्याच लांबीच्या अ‍ॅक्शनमध्ये (काडतूस आत सरकवणाऱ्या यंत्रणेत) बसतं, रिग्बीला मात्र मोठी अ‍ॅक्शन लागते आणि काडतुसंही महाग. आजच्या पावडरी उन्हाला बऱ्याच कमी बिचकतात, त्यामुळे रिग्बी घ्यायचं तर हौस म्हणून घ्या, उगाच कारणं शोधू नका.

आता ४५८. विन मॅग (विंचेस्टर मॅग्नम) १९५६ चं, ५०० ग्रेनची गोळी छोट्या केसमध्ये, म्हणून पावडर दाबून भरावी लागायची, आणि सुरुवातीच्या काडतुसांना जाहीर केलेला वेग गाठता येत नव्हता, बदनामी झाली ती तिथून. जॅक लॉट नावाच्या शिकाऱ्याला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये बफेलोने उडवलं, त्यानंतर त्याने लांब केसचं ४५८ लॉट काढलं, तीच गोळी २३०० च्या वेगाने. लॉटच्या रायफलीत विन मॅगचं काडतूसही चालतं, सरावाला बरं पडतं. (जाता जाता, ४५० बोअरवर इंग्रजांनी १९०७ मध्ये भारतात बंदी घातली होती, काडतुसं बंडखोरांच्या हाती लागतील म्हणून, आणि मग बंदूकवाल्यांनी ४७० वगैरे नवे बोअर काढून धंदा चालू ठेवला.)

पण निर्णय खरा होतो तो खांद्यावर. चार-साडेचार किलोच्या रायफलीत ३०-०६ चा धक्का २० फूट-पाउंडच्या आसपास धरा, ३७५ चा ४० च्या जवळ, ४१६ चा ५५-६०, आणि लॉट ७० च्या पुढे. कागदावर हे नुसते आकडे दिसतात, रेंजवर पाचव्या गोळीनंतर माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. सातशे-आठशे किलोचा रेडा आतड्यात बसलेल्या ५०० ग्रेनच्या गोळीने थांबत नाही, फुप्फुसात नीट बसलेल्या ३०० ग्रेनच्या गोळीने थांबतो. लगेच नाही, पण थांबतो.

म्हणून माझं मत विचाराल तर, एखादाच बफेलो आणि बाकी कुडू, एलंड, ऑरिक्स असा बेत असेल तर ३७५, दुसरा विचार नको. दरवर्षी बफेलोच करायचा असेल आणि ३७५ तुम्ही आधीच न दचकता चालवत असाल तर ४१६ रेमिंग्टन, मारा जाणवण्याइतका वाढतो आणि पल्लाही फारसा जात नाही. ४५८ लॉट हे ज्यांना दुसऱ्याने जखमी केलेलं जनावर झुडपात शिरून पंधरा पावलांवर थांबवायचं असतं त्यांचं हत्यार आहे, म्हणजे तुमच्यासोबतच्या पीएचचं (व्यावसायिक शिकारी वाटाड्याचं). पाहुण्या शिकाऱ्याने ते घेण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आणि रायफलीवर एवढा खर्च करून गोळी स्वस्तातली घेऊ नका. पहिली गोळी चांगल्या बांधणीची सॉफ्ट (आत शिरल्यावर फुलणारी), स्विफ्ट ए-फ्रेम किंवा बार्न्स टीएसएक्स जातीची, खाली मॅगझिनमध्ये सॉलिड (न फुलता खोल जाणारी), कारण जखमी रेडा पाठ करून पळायला लागला की मागून आतपर्यंत पोचणारं तेच एक असतं. कळपात मात्र पहिलीच गोळी सॉलिड टाकू नका, ती आरपार जाऊन मागच्या जनावराला लागते आणि मग परवाना एकाचा, जखमी दोन, पैसे दोन्हींचे.