सिडकोतील लसीकरण केंद्र: लस देण्यास पूर्ण गुण, माहिती देण्यास निम्मे

मार्च 2021 ते एप्रिल 2022 या काळात नाशिकच्या सिडको भागातील एका सरकारी लसीकरण केंद्रावर आमच्या घरातील चौघांनी मिळून कोरोना लसीचे नऊ डोस घेतले, आणि त्यासाठी आम्हाला तेरा खेपा माराव्या लागल्या. उरलेल्या चार वेळा आम्ही रिकाम्या हाताने परतलो. केंद्राचे नाव मी लिहीत नाही, कारण ज्या उणिवा सांगणार आहे त्या त्या एका इमारतीच्या नव्हत्या आणि तेथे राबणाऱ्या माणसांच्या तर नव्हत्याच. सेवा म्हणून या केंद्राला मी पाचपैकी पावणेचार गुण देईन. प्रत्यक्ष लस देण्याच्या कामाला पाच आणि लोकांपर्यंत माहिती पोहोचवण्याच्या कामाला जेमतेम अडीच, असा तो हिशेब आहे.

देशात लसीकरण 16 जानेवारी 2021 रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले, आणि 1 मार्चपासून साठ वर्षांवरील नागरिकांना लस मिळू लागली. खासगी रुग्णालयात एका डोसला 250 रुपये पडत होते, तर सरकारी केंद्रावर तो मोफत होता. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. खासगीत गर्दी कमी असेल म्हणून मी तिकडे जाऊ म्हणत होतो, परंतु जेथे पोलिओचे डोस पाजायला नातवंडांना नेले तेथेच जायचे, असा तिचा आग्रह होता. 25 मार्चला आम्ही गेलो आणि तिचा आग्रह बरोबर होता हे मला अर्ध्या तासात पटले.

आत तीन खोल्या होत्या: बसण्याची, लस देण्याची आणि लस घेतल्यावर थांबण्याची. दारावरचा होमगार्ड आधार कार्ड पाहून आत सोडत होता, एक मुलगी संगणकावर नोंद तपासत होती, आणि मधल्या खोलीत सिस्टर एकट्या बसल्या होत्या. त्यांच्या बाजूला बर्फाच्या पिशव्यांनी भरलेला निळा डबा होता. कोविशील्ड ही लस 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी लागे, एका कुपीत दहा डोस असत, आणि कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवावी लागे, नाहीतर उरलेली लस टाकून द्यावी लागे. सिस्टरनी नवी कुपी उघडण्याआधी बाहेर मान काढून माणसे मोजली. सात होती. त्यांनी आम्हाला थांबायला सांगितले आणि का थांबायचे तेही सांगितले: "तीन माणसं आली की फोडते, एक थेंबही वाया घालवायचा नाही." दहा मिनिटांत तिघे आले. कुपी उघडताच त्यांनी तिच्यावर पेनाने वेळ लिहिली, आणि मग प्रत्येकासाठी नवी सिरिंज सर्वांना दिसेल अशी पाकिटातून काढली.

आईची पाळी आली तेव्हा त्यांनी आधी विचारले, "आजी, सकाळपासून काही खाल्लंय का?" आईने खाल्ले नव्हते. इंजेक्शन उपाशीपोटीच घ्यायचे असते असे तिच्या मनाने घेतले होते, आणि रांगेतल्या निम्म्या म्हाताऱ्या माणसांनीही तसेच केले होते, कारण रक्ततपासणीला जाताना ते तसेच जात आले आहेत. सिस्टरनी टेबलाच्या खणातून पार्ले-जीचा पुडा काढला, आईला दोन बिस्किटे आणि पाणी दिले, आणि पाच मिनिटांनी डाव्या दंडात सुई टोचली. दुखऱ्या जागी चोळायचे नाही, आज-उद्या कणकण आली तर घाबरायचे नाही, तापाला पॅरासिटामॉल चालेल, आणि लस घेतली म्हणून मास्क काढायचा नाही, अशा चार गोष्टी त्यांनी आईच्या डोळ्यांत पाहून सांगितल्या. भिंतीवर याच सूचनांचा मोठा फलक होता, पण तो कोणी वाचत नव्हते. तिसऱ्या खोलीत अर्धा तास बसणे सक्तीचे होते. तेथे घड्याळ होते, औषधांची पेटी होती, आणि अर्ध्या तासाआधी उठणाऱ्याला कामावरची ताई हाताला धरून पुन्हा खुर्चीवर बसवत होती. लसीनंतर क्वचित कोणाला तीव्र त्रास झालाच तर तो बहुधा पहिल्या काही मिनिटांत दिसतो, म्हणून हा अर्धा तास आहे, हे तिने मला विचारल्यावर लगेच सांगितले. या कामाला पाचपैकी पाच गुण मी कोणत्याही संकोचाशिवाय देतो.

अडचण केंद्राच्या दाराबाहेर होती. एप्रिल उजाडला तसा शहराचा श्वास कोंडला. 21 एप्रिलला शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले, आणि दुसऱ्या दिवसापासून केंद्रापुढची रांग दुप्पट झाली. लोक पहाटे चारपासून दगड, चप्पल, पिशवी ठेवून नंबर लावत होते. आज किती डोस येणार, कोविशील्ड येणार की कोव्हॅक्सिन, पहिला डोस मिळणार की फक्त दुसरा, हे साडेनऊपर्यंत कोणालाच माहीत नसे. साठा आला की कळे की तो शंभर आहे आणि रांगेत तीनशे माणसे आहेत. दोनशे माणसांनी संसर्गाच्या ऐन भरात पाच तास एकमेकांना खेटून उभे राहायचे आणि लस न घेता घरी जायचे, यापेक्षा घातक गोष्ट त्या महिन्यात दुसरी नव्हती. साठा कमी होता याबद्दल मी केंद्राला दोष देत नाही, तो सगळ्या देशात कमी होता. 1 मे रोजी अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले आणि पुढच्या दोन आठवड्यांत राज्याला 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण थांबवून तो साठा दुसऱ्या डोससाठी वळवावा लागला, एवढी ती टंचाई होती. परंतु आदल्या संध्याकाळी गेटवर खडूने एक आकडा लिहायला साठा लागत नाही. आमच्या चार रिकाम्या खेपांपैकी तीन त्या एका आकड्याने वाचल्या असत्या.

आईच्या दुसऱ्या डोसच्या वेळी हीच उणीव अधिक बोचली. पहिल्या डोसच्या दिवशी तिला सहा ते आठ आठवड्यांनी यायला सांगितले होते. ती 8 मे रोजी रांगेत उभी राहिली, तेव्हा साठा संपला. 14 मे रोजी पुन्हा गेलो तेव्हा दारावरूनच सांगण्यात आले की आता 84 दिवसांनी या. आदल्याच दिवशी, 13 मे रोजी, कोविशील्डच्या दोन डोसमधील अंतर 12 ते 16 आठवडे करण्यात आले होते. अंतर वाढवल्याने संरक्षण अधिक चांगले मिळते, असा ब्रिटनमधील अनुभव त्या निर्णयामागे होता. हे मी घरी येऊन वर्तमानपत्रात वाचले. दारावर हे एका वाक्यात सांगितले असते तर पुरले असते. तसे न झाल्यामुळे आई आणि तिच्याबरोबरच्या बायका लस संपली म्हणून आपल्याला कटवले असे समजून घरी गेल्या, आणि त्यांतल्या दोघी नंतर कितीतरी महिने दुसऱ्या डोसला फिरकल्या नाहीत. आईला मी 17 जूनला, बरोबर 84 व्या दिवशी, अक्षरशः मनधरणी करून नेले.

शहरात त्या काळात दिल्या गेलेल्या इतर सूचनांचेही माझे मोजमाप हेच आहे. मार्चअखेरीस मुख्य बाजारपेठांत शिरण्यासाठी माणशी पाच रुपयांची पावती घ्यावी लागे आणि एका तासात बाहेर न पडल्यास पाचशे रुपये दंड होता. गर्दी आवरण्याचा हेतू योग्यच होता, पण तासाभराची मर्यादा कशासाठी हे सामान्य गिऱ्हाइकाला कोणी समजावले नाही, आणि मी गेलो त्या दिवशी पावतीच्या टेबलाभोवतीच दाटी झाली होती. याउलट घंटागाडीवरून रोज सकाळी वाजणारी सूचना, मास्क नाकाच्या वर घ्या, ताप असेल तर अंगावर काढू नका, ही आमच्या गल्लीतल्या लहान मुलांनाही पाठ झाली, कारण ती मराठीत होती, छोटी होती आणि ओळखीच्या गाडीतून येत होती. कोविन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवरील नोंदणी माझ्यासारख्या रोज संगणकावर बसणाऱ्याला सोपी गेली. शेजारच्या, अंबडच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्या कुटुंबाची नोंदणी मात्र मीच करून दिली, कारण त्यांच्या घरी एकच साधा फोन होता आणि ओटीपी येईपर्यंत स्लॉट संपत. 21 जूननंतर केंद्रावर थेट जाऊन लस मिळणे सोपे झाले तेव्हाच ती माणसे खऱ्या अर्थाने या मोहिमेत आली. माझ्या पत्नीलाही तेव्हाच, एकाही खेपेचा खोळंबा न होता, लस मिळाली.

दुसऱ्या डोसकडे पाठ फिरवलेल्या त्या दोन बायकांना अखेर आशाताईंनी, म्हणजे आमच्या भागातील सरकारी आरोग्य स्वयंसेविकेने, आणले. नोव्हेंबर 2021 मध्ये घरोघरी जाऊन राहिलेल्यांना शोधण्याची मोहीम सुरू झाली तेव्हा आशाताई त्यांच्याशी ओट्यावर बसून तासभर बोलल्या. 84 दिवसांचे कारण मे महिन्यात दारावर जे मिळायला हवे होते, ते सहा महिन्यांनी ओट्यावर मिळाले. डिसेंबरअखेरीस शहरात लस नसेल तर प्रवेश नाही असा नियम आला, त्यानेही काही जण आले असतील. परंतु आमच्या गल्लीत जे काम त्या एका तासाने केले ते नियमाने झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

2027 च्या सिंहस्थात याच शहराला याहून कितीतरी मोठ्या गर्दीला सूचना द्यायच्या आहेत, म्हणून शेवटी-शेवटी पाहिलेली एक सुधारणा नोंदवतो. 16 मार्च 2022 पासून बारा ते चौदा वर्षांच्या मुलांना कोर्बेव्हॅक्स ही लस सुरू झाली, आणि त्याच दिवसापासून साठीवरील सर्वांना, आजाराची अट न ठेवता, तिसरा डोस खुला झाला. त्यामुळे मार्चच्या अखेरीस आई आणि माझी तेरा वर्षांची मुलगी अशा आजी-नात एकाच दिवशी केंद्रावर गेल्या. गेटवर आता काळा फळा टांगलेला होता आणि त्यावर ठळक अक्षरांत कोणती लस, किती डोस, कोणासाठी आणि कोणत्या वेळेत, असे सगळे लिहिले होते. खाली एक ओळ होती: मुलांची कुपी वीस डोसची आहे, वीस मुले जमल्यावर उघडली जाईल. त्या वेळी तेरा मुले जमली होती. मुलीने फळा वाचला, आणि उरलेल्या सात मुलांसाठी आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप टाकायला तिने माझा फोन मागून घेतला.